कवळीआधीचा ससा

सातवी झाली आणि बानं मला साखरशेतहून जव्हारला फुईकडे नेऊन ठेवलं. फुई म्हणजे बाची धाकटी बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती कचेरीत कारकून होती. नवरा ठाण्याला कंपनीत लागला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं, त्यानंतर ती गावात फारशी राहिली नाही. शिकली, परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली आणि एका लांबट कौलारू ओळीतल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढं रस्ता, मागं परस, परसात घरमालकाचा गोठा. गुरं विकली होती, पण गोठा तसाच उभा होता. फुई सकाळी भाकऱ्या थापून, साडी नेसून, छत्री काखेत मारून निघायची ती दिवेलागणीला यायची. आल्यावर पाय धुवायची, चूल पेटवायची आणि चुलीपुढं बसून तेवढा वेळ कुणाशी म्हणून बोलायची नाही. उडदाची आमटी, नाचणीची भाकर, कधी निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. वाढायची भरपूर. “घे अजून,” एवढंच म्हणायची, तेही ताटाकडे बघून.

गावच्या घरात मला कधी एकटं बसल्याचं आठवत नाही. दोन भाऊ, आजा, आय, बा, येणारेजाणारे, ओसरीवर कुणी ना कुणी दोर वळत बसलेला. इथं शाळेतून आले की कुलूप काढायचं, दार लोटायचं आणि कौलांवरचा पाऊस ऐकत बसायचं. लांब डेपोतून एसटीचा भोंगा यायचा. आपली गाडी सुटत असेल, असं मला दर वेळी वाटायचं. आपल्या गाडीची वेळ ती नव्हे हे माहीत असूनही वाटायचं, याला काय म्हणावं!

शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी नाव-गाव विचारलं. मी उभी राहिले आणि घरी बोलतो तसं बोलले. बाकांवरून हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत, उलट रागावल्या त्या पोरींवर. पण माझं तोंड जे मिटलं ते मिटलं. विचारलं तर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, नाही तर गप्प राहायचं. मधल्या सुट्टीत मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, कारण मागून कुणी काय म्हणतंय ते दिसत नाही. बाजारात एकदा बाई फुईला भेटल्या आणि म्हणाल्या, “तुमची मुलगी फार शांत आहे हो.” फुईला त्याचं कोण कौतुक वाटलं. त्या दिवशी तिनं माझ्या भाकरीवर मोहाचं तेल जरा जास्तच सोडलं.

पुढं मी स्वतः मास्तरीण झाले, एवढी वर्षं आश्रमशाळांतून शिकवलं. वर्गात कुणी पोर ‘शांत’ आहे असं कुणी सांगितलं की मी आधी ते भिंतीला पाठ लावून बसलंय का ते बघायची.

ससा आला तो बदलीच्या हंगामात. जव्हारला साहेबमंडळी येतात आणि जातात, आणि जाताना ट्रकमध्ये न मावणारं हाताखालच्या माणसांना वाटतात. कुणाला तुळशीची कुंडी मिळते, कुणाला पाय मोडलेलं टेबल, कुणाला डब्यात उरलेलं रॉकेल. फुईच्या वाट्याला ससा आला. साहेबांच्या मुलांनी हौसेनं आणलेला, आणि नव्या गावी सरकारी घर मिळेपर्यंत लॉजवर राहायचं म्हणून नकोसा झालेला. बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तिनं तो पावसातून आणला. पांढरा, एक कान तेवढा राखाडी. खोकं खाली ठेवून, पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, “घरचा झाला थोडा, नि व्याह्यानं धाडला घोडा.”

आमच्या गावाला ससा म्हणजे रानातला, मातीच्या रंगाचा, दिसला न दिसला तोच झुडपात गेलेला. सापडला तर कालवणात. ससा पाळतात हे आम्हा दोघींनाही नवीनच होतं. पाळायची म्हणजे कोंबडी. तेव्हा फुईनं त्याची कोंबडीसारखी सोय केली. कचेरीतल्या एका शिपायाकडून डालगं आणलं. डालगं म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची घुमटासारखी पाटी. ती कोंबड्यांवर पालथी घालतात आणि मांजरानं उलथू नये म्हणून वर धोंडा ठेवतात. ससा त्याखाली झाकला गेला. सकाळी भाकऱ्या झाल्या की फुई धोंडा बाजूला करायची, डालगं वर उचलायची आणि “चल, चल” करत त्याला मानेखाली धरून बाहेर काढायची. तो हलायचा नाही. ठेवला तिथं बसायचा, उचलला तर लोंबायचा.

आणि मग कौतुक सुरू झालं. शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान पोस्टात होते, त्या रोज येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. “काय शांत आहे हो! आमच्या माहेरच्या मांजरानं एव्हाना ओरबाडलं असतं.” फुई म्हणायची, “गुणाचा हाय.” ओळीतली पोरं आली, त्यांनी कान ओढून पाहिले, पाठीवर काडी फिरवून पाहिली. ससा डोळे उघडे ठेवून बसून होता.

अतिवृष्टीची सुट्टी होती, म्हणून मी दिवसभर घरी. करायला काही नव्हतं. मी जमिनीवर पालथी पडून डालग्याच्या पट्ट्यांमधून आत बघत राहिले. बराच वेळ बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं की याचं नाक हलत नाहीये. कान पाठीला चिकटवलेले. डोळा इतका ताणलेला की कडेनं पांढरं दिसत होतं. आणि बरगडीशी कातडी थरथरत होती, उकळीवरच्या झाकणासारखी. मला एकदम गावचं आठवलं. नाचणी काढून झाल्यावर बांधाच्या कडेला मी एकदा असाच ससा पाहिला होता, खुंटांमध्ये दबून बसलेला. मला वाटलं मेलाय. मी उचलायला वाकले तो माझ्या हाताखालून सुटला आणि बांध ओलांडून गेला. म्हणजे तो बसला होता तो निवांत नव्हता. जीव मुठीत धरून बसला होता, सुटायची वेळ येईपर्यंत. याला सुटायला बांधच नव्हता.

मग मला ते डालगंही कळलं. गावात घार खाली आली की कोंबडी ओरडते आणि पिलं जिथल्या तिथं थिजतात. वरून येणारी गोष्ट म्हणजे घार. आमची फुई रोज सकाळी याच्या डोक्यावरचं आभाळ उचलायची आणि वरून हात घालायची. कोंबडीला डालगं म्हणजे घर; ती संध्याकाळी आपल्या पायांनी त्याखाली जाते. सशाला ते काय वाटत असेल, याचा विचार करायची आम्हाला कुणाला सवयच नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण याच्या पाठीमागचा राक्षस रोज भाकरीची परात धुऊन येत होता.

संध्याकाळी मी फुईला म्हणाले, “फुई, तो शांत नाय. भ्यायलाय.”

“भ्यायला असता तं पळाला असता.”

“पळाया जागा कुठं हाय?”

फुईनं चुलीत लाकूड सारलं. “मग काय, तुझ्या सशाला आता दाराखिडक्या करून देऊ?” असं म्हणाली आणि जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी मात्र ती कचेरीतून आली ती डोक्यावर चहाचं लाकडी खोकं घेऊन. वाण्याकडून मागून आणलं होतं. “हे घे,” म्हणाली, “कर काय करायचा तो.” डालगं शिपायाला परत गेलं.

मी खोकं आडवं ठेवलं, कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे तिरकं. आत जुनं गोणपाट. ससा आत गेला तो दिसेनासाच झाला. मला त्याला बोलवायचं नव्हतं, हात लावायचा नव्हता. मी खोक्याकडे पाठ करून बसायची आणि अभ्यास करायची. पुस्तक वाचता वाचता कधी बोलायला लागले ते मलाच कळलं नाही. आमच्या बोलीत. आता गावात पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या वाफ्यात रोप केवढं झालं असेल, ढवळ्या बैलाच्या खुराला आयनं काय बांधलं असेल, धाकटा भाऊ माझ्या जागेवर निजत असेल का. वर्गात जे जे बोलले नव्हते ते सगळं त्या खोक्याला सांगितलं. मध्येच बाहेर भांडं पडलं की आतून धप् असा आवाज यायचा. मागचा पाय आपटायचा तो. पहिल्यांदा मी दचकले. मग कळलं की ही त्याची आरोळी आहे. गळ्यातून नाही निघत म्हणून पायानं मारतो. एवढ्याशा जनावराला आरोळी आहे आणि ती कुणाला ऐकू जात नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

एका संध्याकाळी टाचेला काही गार आणि ओलं लागलं. मी वळले नाही. पाऊस कौलावर चालूच होता, हातातलं पान मी उलटलंही नाही. पुन्हा लागलं, आणि लगेच मागं गेलं. पायाला मुंग्या आल्या, तरी मी तशीच बसून राहिले. जव्हारला आल्यापासून मला आपण होऊन कुणी मायेनं हात लावला नव्हता. हे आज लिहिताना साधं वाटतं, पण तेव्हा मी त्या एका गार ठिपक्यावर कितीतरी दिवस काढले असते.

पण आता तो खात नव्हता. साहेबांकडे तो कोबीवर वाढलेला. जव्हारच्या बाजारात कोबी यायचा घाटावरून, आणि घाटात दरड आली तशा भाजीच्या गाड्या बंद झाल्या. भाकर तो हुंगायचा नि सोडून द्यायचा. भात सोडून द्यायचा. गोठ्यातला जुना पेंढा बुरसलेला, त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. लेंड्या बारीक झाल्या, मग जवळजवळ बंदच. एकदा मी मागचं दार उघडलं तेव्हा मात्र तो खोक्यातून अर्धा बाहेर आला आणि मान लांब करून नाक हलवायला लागला. परसात उंबऱ्यापासून हातभर अंतरावर हिरवं फुटलं होतं: टाकळा, कुरडू, कसली कसली कोवळी पाती. इतकं जोरात नाक हलवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी खाली वाकले तशी फुई आतून ओरडली, “हात लावू नको. कवळी झाली नाय अजून.”

कवळी ही पहिल्या पावसानंतरची रानातली पहिली भाजी, गवताच्या पातीसारखी कोवळी. गावात एक दिवस ठरतो. त्या दिवशी ती गावदेवाला आणि घरच्या गेलेल्या माणसांना दाखवतात, मग सगळं घर एकत्र बसून खातं. तोवर नवं उगवलेलं कुठलंही पान घरातल्यानं खायचं नाही, आपल्या हातानं खुडून उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. फुई गावापासून तुटली होती, सणावाराला तिला कुणी बोलवत नव्हतं, देवाधर्माचं तिचं बाकी सगळं सुटलं होतं. पण हे एक तिनं सोडलं नव्हतं. दर वर्षी बा गावच्या कवळीतली मूठभर भाजी फडक्यात बांधून एसटीनं घेऊन यायचा आणि मग फुईच्या घरी कवळी व्हायची.

शेजारच्या काकू खो खो हसल्या. “अहो, जनावराला कसला आलाय सण? गुरं रानात चरतातच की.”

“गुरं रानात जाऊन खातात, ते त्यांचा,” फुई म्हणाली. “माझे घरात, माझे हातानं नाय. तो आता घरातला हाय. घरातला थांबंल.”

मला तिचा राग आला. पण त्यात एक शब्द असा होता की रागावताही येईना. तो घरातला आहे, असं तिनं म्हटलं होतं.

कवळी त्याच आठवड्यात व्हायची होती. आणि मग दाभोसा गावातला एक ओळखीचा माणूस कामासाठी कचेरीत आला, त्यानं फुईला निरोप दिला: साखरशेतला म्हातारा कारभारी गेला, गावाला सुतक, कवळी पुढं ढकलली, कधी ते बसून ठरवतील. फुईनं घरी येऊन मला हे सांगितलं आणि आम्ही दोघींनी एकदमच खोक्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं. बाईंनी विचारलं तर मला पुस्तकातलंही वाक्य आलं नाही. घरी आले, कुलूप काढलं, खाली बसले. ससा खोक्याच्या तोंडाशी आडवा होता, पाय पोटाशी घेऊन, आणि दात करकर वाजत होते. मी जवळ गेले तरी तो आत सरकला नाही. भीती वाटायलाही थोडी ताकद लागते, ती त्याच्यात उरली नव्हती. मी फुई येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. मागच्या दाराच्या फटीतून ओल्या पानांचा वास येत होता. मी खुडून आणलं असतं तर कुणी बघणार नव्हतं. तरी हात झाला नाही. फुईची भीती होती, हे एक. आणि दुसरं, त्या घरात फुईपाशी तिचं म्हणावं असं हे कवळीचं पाळणं तेवढं एकच होतं, हे मला कुठंतरी कळत होतं.

फुई आली. छत्री मिटली, पाय न धुताच आत आली. पहिल्यांदाच मी तिला सशापुढं खाली बसलेलं पाहिलं. तिनं वरून हात घातला नाही. बोटं जमिनीवरून सरकवत त्याच्या पोटाशी नेली. “गार पडलाय,” म्हणाली.

“फुई, मरंल तो.”

तिनं बोटं पदरानं पुसली.

“एक पान दे ना. एकच. देवाला काय कळत नाय का?” मला हुंदका आला. “का त्याला मारायचाय तुला?”

“गप,” फुई म्हणाली. रागानं नाही. बराच वेळ ती उंबऱ्याकडे बघत बसली. मग उठली आणि मागचं दार सताड उघडलं. पावसानं जरा उघडीप दिली होती, परस नुसतं निथळत होतं. ती म्हणाली, “आत आणून नाय द्यायचा. पन तो गेला बाहेर, तं बाहेरचा झाला. रानाचा झाला. रानाच्याला कवळी नाय.” मग माझ्याकडे वळली. “पन ऐक. एकदा का खाल्ला, तं त्या तोंडानं परत आत नाय यायाचा, कवळी होईस्तर. गोठ्यात राहील. तो आपला नाय मग. कळला?”

मला कळलं. खोकं घरातून जाणार, संध्याकाळी खोली पुन्हा रिकामी होणार, टाचेला काही लागणार नाही. मी मान हलवली.

फुई त्याला उचलायला वाकली तशी मी तिचा हात धरला. “उचलू नको. जाऊ दे त्याचा त्याला.”

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो, दारापासून लांब. फुईची कचेरीची साडी ओल्या जमिनीवर पसरली होती, तिचंही तिला भान नव्हतं. ससा पडून होता. वारा आत आला की त्याचं नाक थोडं हलायचं, थांबायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो उठला, अगदी म्हाताऱ्यासारखा. उंबऱ्यापाशी जाऊन थांबला, मागं वळून खोक्याकडे पाहिलं. मला वाटलं, फिरला आता. पण त्यानं पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवले आणि पलीकडे उतरला. पहिलं पान त्यानं नुसतं ओठात धरलं. मग जबडा हलायला लागला, आणि करकर करणाऱ्या दातांचा आवाज बदलला. मी फुईचा हात सोडला नव्हता. ती पुटपुटली, “जा बाबा. तू आमचा नाय.” तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी त्या दिवशी खूप रडले. तो वाचणार म्हणून रडले, आणि तो आपला नाही म्हणून रडले. दोन्ही रडणी एकातच. फुईनं समजूत घातली नाही. तिला ते येतच नव्हतं. तिनं गोठ्याचं दार दुरुस्त केलं, मुंगूस शिरू नये म्हणून खालच्या फटीत दगड रचले, खोकं तिकडे नेलं आणि मग येऊन चूल पेटवली.

पुढचे दिवस मी पुन्हा कुलूप काढायची आणि कौलांवरचा पाऊस ऐकायची. आता ते जास्त जड गेलं. आधी काही नव्हतं, ते सोसलं होतं; एकदा असलेलं नसणं वेगळं. शाळेतून आल्यावर मी परसात पाऊस नसेल तेव्हा दगडावर बसायची, आणि ससा गोठ्याच्या दारातून यायचा, चरायचा. माझ्याकडे यायचाच असं नाही. त्याला आता गोठ्यातली भुसभुशीत माती होती. उकरून उकरून त्यानं लाकडांच्या ढिगाखाली बीळ केलं. वरून कावळा गेला की तो आत पळायचा, आणि थोड्या वेळानं नाक बाहेर काढायचा. पळायचा, याचं मला कोण अप्रूप! शेजारच्या काकू म्हणाल्या, “बिघडला हो तुमचा ससा. आधी किती शांत होता.”

हल्ली माझी नात पुण्याहून फोनवर तिच्या सशाचे व्हिडिओ दाखवते. तो पिंजऱ्यात असतो, स्वच्छ, ब्रश केलेला. “बघ आजी, किती गुड आहे, हलतपण नाही,” म्हणते. मी तिला म्हणते, जमिनीवर पालथी पड आणि त्याच्या नाकाकडे बघ. ती हसते. पण मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, तिनं पिंजऱ्यात चपलांचं खोकं ठेवलंय म्हणून. असो.

कवळी झाली तेव्हा पावसानं जरा उसंत घेतली होती. सकाळच्या एसटीनं बा आला. डोक्यावर इरलं, काखेत फडक्यातली भाजी. त्याला लगेच परतायचं होतं, लावणी आटपायची होती. मला जवळ घेतलं, “सुकलीस गं,” म्हणाला, चहा प्याला आणि गेला. त्याच्या गाडीचा भोंगा मी दारात उभी राहून ऐकला. या वेळी तो खरोखर आपल्याच गाडीचा होता.

फुईनं न्हाऊन भाजी निवडली, कांदा आणि भिजवलेली डाळ घालून केली. चुलीपाशी पानावर नैवेद्य ठेवला, गेलेल्या माणसांची नावं घेतली, त्यात माझ्या आजीचं घेतलं. मग दोन ताटल्या आणि एक वाटी मांडली. वाटीत तिनं कच्ची, न शिजवलेली पाती ठेवली होती. “जा,” म्हणाली, “आन त्याला. आता येऊ दे आत. घरातल्यानं एकत्र खायचा.”

मी धावत परसात गेले. या एका दिवसाची मी वाट बघत होते. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. ससा गोठ्यापुढच्या हिरव्यात होता. मला बघून त्यानं कान टवकारले, आणि मग कशानं कोण जाणे, सरळ वर उडाला. हवेतच अंग मुरडलं, खाली आला, पळाला, पुन्हा उडाला. ससा असं काही करतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या खोक्यातून येऊन तो माझ्या टाचेला नाक लावायचा तेव्हा मला वाटायचं, याला आता भीती उरली नाही. भीती नसलेला ससा कसा असतो ते मी आता बघत होते. तो माझ्याजवळ आला, माझ्या पायावर हनुवटी घासली. मी नुसता हात पुढं केला असता तरी उचलता आला असता. त्यानं काही केलं नसतं. पुन्हा शांत बसला असता.

मी हात पुढं केला नाही. बसले थोडा वेळ, मग उठले आणि आत आले. येताना मागचं दार उघडंच ठेवलं.

फुई ताटल्यांसमोर बसली होती. माझ्या रिकाम्या हातांकडे तिनं पाहिलं. “आनला नाय?”

“तो खेळतोय,” मी म्हणाले.

फुईनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नेहमी ताटाकडे बघून बोलणारी ती बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. इतके दिवस मला वाटत होतं की या घरात मला ठेवलेलं आहे, साहेबांनी जाताना ससा मागं ठेवला तसं. पण पहिल्या दिवसापासून कवळी होईपर्यंत तिनं मलाही थांबवलं होतं. मी एकदा शेजारच्या काकूंकडे टाकळ्याची भाजी खायला बसले होते, तर हाताला धरून उठवून आणलं होतं. तेव्हा मला केवढी लाज वाटली होती! घरातली असल्याशिवाय कुणी कुणाला थांबवत नाही, हे मला त्या क्षणी कळलं, आणि रडू आलं ते मी आवरलं नाही.

“बस,” फुई म्हणाली. तिनं सशाची वाटी उचलली, मागच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली, आणि माझ्या ताटलीत शिजलेली भाजी वाढली. मग आम्ही दोघींनी पहिला घास एकदम घेतला.